बळी तो पिसं उपटी

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण ज्या कोणी केली त्याने कोंबड्या पाळलेल्या नसणार. कोंबडीला कान असतात, पण पिळण्याजोगे नसतात. त्यामुळे कोंबड्यांच्या राज्यात जी बळी असते ती पिसं उपटते. आधी शेपटीची, मग पाठीची. आणि एकदा का रक्ताचा ठिपका दिसला, की मग नुसत्या पिसांवर भागत नाही. कोंबडीच्या नजरेला लाल रंगाचं भारी आकर्षण. एकीने टोचलं की दुसरी ‘काय आहे, काय आहे’ करत येते, तिसरी दुसरीच्या मागून येते, आणि बघता बघता अपघाताच्या जागी जमते तशी गर्दी जमते. फरक एवढाच, की ही गर्दी नुसतं बघत बसत नाही.

माझं भांडण मात्र कोंबड्यांशी नाही. कोंबड्यांची बाजू घेऊन मला माणसांशी भांडायचंय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचंय त्यांना लवकर रागावता येईल. परसातल्या कोंबड्या एकमेकींना रक्तबंबाळ करतात, तेव्हा तो निसर्ग नसतो, ती मालकाची करणी असते. आणि ते बघून ‘चालायचंच’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती कोंबड्या तर देऊ नयेतच, पण माणसंही देऊ नयेत.

आता हे सांगणारा तू कोण, असं आपण विचाराल. मी बी.कॉम. आहे, पशुवैद्य नव्हे. कोरेगावात राहतो आणि बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. पण काउंटरपलीकडून येणारी हाक ‘ओ साहेब, सर्व्हर आला का?’ हीच असल्याने नावात फारसा फरक पडलेला नाही. घरामागे परडं आहे, परड्यात कडुनिंब आहे, वर मान केली की जरंडेश्वराचा डोंगर दिसतो आणि खाली मान घातली की सात कोंबड्या दिसतात. पाच गावठी आणि दोन ‘वनराजा’. ही ‘वनराजा’ हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत परसात पाळण्यासाठी म्हणूनच तयार केलेली जात. नाव राजाचं असलं तरी परड्यात राज्य एका गावठी कोंबडीचं आहे. तिला आमच्या घरात ‘पाटलीण’ म्हणतात. आणि सातव्या नंबरावर होती ती पांढरी. पावसाळ्यात एकदा तिच्या पाठीवर तळहाताएवढा भाग उघडा पडला, आणि आमच्याकडे सल्लागारांची रीघ लागली.

कोरेगावात फुकट मिळणाऱ्या वस्तूंत पाण्याचा नंबर उन्हाळ्यात घसरतो. सल्ल्याचा बारा महिने पहिला असतो. पहिले आले ते शेजारचे निवृत्त गुरुजी. त्यांनी कुंपणावरून पांढरीची पाठ बघितली आणि एकदम इंग्रजीत शिरले. “याला ‘पेकिंग ऑर्डर’ म्हणतात. निसर्गनियम आहे. यात माणसानं पडू नये.”

दुसऱ्या आल्या बाजारातल्या मावशी, ज्यांच्याकडून आम्ही तलंगा घेतल्या होत्या त्या. “आवं दादा, जी मार खाती तिलाच कापायची. न्हाईतरी ती आता अंडं देत न्हाई. उगं कशाला जीव लावताय?”

तिसरे एक ओळखीचे पोल्ट्रीवाले. ते म्हणाले, “चोची छाटून टाका सगळ्यांच्या. दोन मिनिटांचं काम.”

चौथा बँकेतलाच एक सहकारी. तो ज्या स्वरात गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणतो त्याच स्वरात म्हणाला, “ॲडजस्ट होतील हो. सगळे होतात.”

आमची ही एवढंच म्हणाली, “अहो, या चौघांत पांढरीला कुणी काही विचारलं का?”

या चौघांना मी एकेक करून उत्तर देणार आहे. मधे चहाची सुट्टी नाही.

आधी गुरुजी. त्यांचा ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द खरा आहे, आणि त्यामागे एक खरा माणूस आहे. थोरलेफ शेल्डेरूप-एब हे त्याचं नाव. नॉर्वेचा. जन्म १८९४. ज्या वयात आपण गोट्या खेळत होतो त्या वयात हा पठ्ठ्या कोंबड्यांच्या कुरबुरी वहीत उतरवत होता. कोणी कोणाला टोचलं, कोणी मुकाट सोसलं, कोण कोणाला भ्यायलं, सगळं. आमच्या बँकेला असा माणूस मिळाला असता तर ऑडिटर उपाशी मेले असते. या नोंदींवरून त्याने १९२२ साली जर्मन भाषेत निबंध छापला आणि जगाला सांगितलं, की कोंबड्यांच्या कळपात नंबर लागलेले असतात. पहिली सगळ्यांना टोचू शकते, दुसरी पहिली सोडून सगळ्यांना, असं करत शेवटची कोणालाच नाही. गंमत अशी, की नंबरांचं हे शास्त्र मांडणाऱ्याचा स्वतःचा नंबर मायदेशातल्या विद्यापीठी खुराड्यात कधी नीट लागलाच नाही. तिथल्या थोरांच्या चोची त्याला पुरेशा परिचयाच्या झाल्या.

पण गुरुजींनी या शास्त्राचं पहिलंच पान वाचलं आणि पुस्तक मिटलं. नंबर लागतात ते भांडण वाढवायला नव्हे, मिटवायला. एकदा कोण पुढे, कोण मागे हे ठरलं की पुढचीने नुसतं मान वर करून बघितलं तरी मागची बाजूला सरते. टोचाटोच वाचते. आणि नंबराची जी टोच असते ती डोक्यावर, तुऱ्यावर, समोरासमोर बसते, आणि मागचीला पळायला जागा असली की तिथेच संपते. पाठीची आणि शेपटीची पिसं मागून येऊन उपटणं हा वेगळाच प्रकार. त्यात राग नसतो, रुबाबही नसतो. कोंबडीची जात मूळची रानकोंबडीची. दिवसाचा मोठा भाग पालापाचोळा उकरण्यात आणि जमिनीवर टोचण्यात घालवायचा, हा तिचा धर्म. तिला उकरायला काही ठेवलंच नाही, की चोच थांबत नाही, फक्त पत्ता बदलते. जमिनीऐवजी शेजारणीची पाठ.

म्हणजे गुरुजी ज्याला निसर्गनियम म्हणत होते तो निसर्ग अडवल्याचा परिणाम होता. धरण फुटलं की त्याला ‘नदीचा स्वभाव’ म्हणण्यातला हा प्रकार.

माझ्या परड्यात तर आणखी एक गोष्ट दिसली. पाटलीण पांढरीकडे ढुंकूनही बघत नसे. टोचायची ती सहाव्या नंबरची. जिला वरच्या पाचजणी टोचत, तिला टोचायला खाली एकच उरलेली. हे बघितल्यावर सरकारी, निमसरकारी किंवा खाजगी कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागू नये.

आता मावशी. ‘मार खाणारीलाच कापा’ या सल्ल्यात हिशोबाची चूक आहे, आणि हिशोबाची चूक मला सहन होत नाही. सात कोंबड्यांतली सातवी काढली की सहा उरतात, आणि सहांत सहावी ही शेवटची असते. शेवटचा नंबर कधी रिकामा राहत नाही, मावशी. जागा, दाणा, पाणी तेच राहिलं तर तीच टोच नव्या पाठीवर बसणार. या रीतीने एकेक कापत गेलं तर शेवटी पाटलीण एकटी उरेल, आणि मग ती कडुनिंबाला टोचेल.

हे मी कोंबड्या पाळायच्या आधीपासून जाणतो. माझ्या नोकरीतल्या एका शाखेत (कोणत्या ते विचारू नका, मला अजून ग्रॅच्युइटी घ्यायची आहे) एक नवा पोरगा आला होता. घरापासून लांब, स्वभावाने मऊ, बोलण्यात वऱ्हाडी हेल. झालं. बंद पडणारं पासबुकाचं यंत्र त्याच्याकडे, महिन्याच्या एक तारखेची पेन्शनरांची रांग त्याच्याकडे, फाटक्या नोटांची गड्डी त्याच्याकडे, रजेचा अर्ज मात्र परत त्याच्याकडेच. त्याच्या हेलाची नक्कल करून दुपारचे डबे रुचकर व्हायचे. सहा महिन्यांत पोराचं वजन उतरलं, कॅश जुळेना, हात थरथरायला लागले. तेव्हा वरिष्ठांनी मोठ्या कळवळ्याने तोडगा काढला: त्याची बदली. ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून. मी म्हणालो, “साहेब, बदली करायचीच तर टोचणाऱ्याची करा.” त्यावर साहेब म्हणाले, “तो जुना माणूस आहे, कामाचा आहे.” पोराला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. महिना गेला नाही तोच त्या शाखेतल्या रोजंदारीच्या शिपायाची झोप उडाली. पाठ बदलली होती, चोच तीच होती.

आणि कोंबड्यांचं शास्त्र इथे नेमकं साहेबांच्या उलट बोलतं. मार खाणारी उचलून लांब नेली आणि आठवड्याने परत आणली, तर ती कळपात नवखी ठरते आणि आणखी खाली जाते. उलट टोचणारीला चार-सहा दिवस डालग्याखाली वेगळी ठेवली, तर परत येताना तीच नवखी असते. तिला आपला नंबर पुन्हा मिळवावा लागतो, आणि त्या खटपटीत तिची बरीच मिजास उतरते. जखमीला बाजूला घ्यायचंच, पण त्याच खुराड्यात, जाळी लावून, सगळ्यांना दिसेल अशी. म्हणजे औषधही होतं आणि ओळखही पुसत नाही. मी सहाव्या नंबरच्या बाईंची बदली केली. प्रमोशन न देता.

आता पोल्ट्रीवाले. ‘दोन मिनिटांचं काम’ या शब्दांची मला धास्तीच आहे. कर्जाचा जामीनदार सहीला येतो तेव्हाही त्याला हेच सांगून आणलेलं असतं. चोच छाटतात म्हणजे तापलेल्या पात्याने तिचं टोक उडवतात. लोकांना वाटतं, नख कापल्यासारखं. तसं नाही. चोचीच्या टोकाला शिरा असतात, संवेदना असते. कोंबडीचा हात, बोट आणि चमचा, सगळं तिथे एकत्र आहे. दाणा मऊ की कडक, खडा की मका, हे तिला चोचीने कळतं. बाळाने चिमटा काढला म्हणून त्याची बोटं कोणी छाटत नाही. ज्या नॉर्वेने आपल्याला ‘पेकिंग ऑर्डर’ दिली, त्याच नॉर्वेने १९७४ साली चोच छाटायला बंदी केली. गुरुजींनी हेही पान वाचायला हवं होतं.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात अँड्र्यू जॅक्सन नावाच्या गृहस्थाने १९०३ साली कोंबड्यांसाठी चष्म्याचं पेटंट घेतलं. डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून. पुढे लाल काचांचे चष्मेही निघाले, का, तर सगळंच लाल दिसलं की रक्त वेगळं दिसत नाही. मला हा उपाय वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. कारण असले चष्मे मी पाहिलेले आहेत. चोच चालू, पिसं चालू, फक्त रक्त दिसू नये अशी सोय. पुष्कळ साहेबांच्या नाकावर तो असतो.

पोल्ट्रीवाल्यांची अडचण मला समजते. त्यांच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. तेवढ्यात पंखही पसरत नाहीत. विधी आयोगाने २०१७ साली २६९ व्या अहवालात हाच विषय हाती घेतला होता. पण माझं परडं कारखाना नाही. आणि कारखान्याचं दुखणं त्यांनी स्वस्त अंड्यासाठी पत्करलं, ते मी फुकट का पत्करू? आमचा कोरेगाव तालुका वाघ्या घेवड्यासाठी नावाजलेला. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. घेवड्याच्या दोन ओळींत अंतर किती ठेवायचं हे इथे कोणालाही विचारा, चटकन सांगेल. झाडाला जागा लागते हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, ती माणसं कोंबड्यांच्या बाबतीत मात्र ‘जरा सरकून घ्या’ म्हणतात, यष्टीतल्या कंडक्टरसारखी.

उरला आमचा ‘ॲडजस्ट होतील’वाला. तो म्हणतो, जी जास्त टोचते ती तडफदार असते, अंडी तीच जास्त देते, तेव्हा तिला दुखवू नये. हे ऐकायला व्यवहारी वाटतं. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने ते तपासून बघितलं. एकटीदुकटी ‘हुशार’ कोंबडी निवडायची सोडून त्याने पिंजरेच्या पिंजरे निवडले: ज्या पिंजऱ्यातल्या सगळ्याजणी मिळून चांगल्या जगल्या आणि चांगली अंडी दिली, त्यांचा वंश वाढवला. चोची शाबूत होत्या. १९९६ साली छापलेले त्याचे आकडे असे: दुसऱ्या पिढीत वर्षाला १०० तल्या ६८ कोंबड्या दगावत होत्या, चौथ्या पिढीत त्या ९ च्या आत आल्या. आणि अंडी? अंडी वाढली. कारण अगदी साधं आहे, ते कळायला बी.कॉम.सुद्धा लागत नाही: मेलेली कोंबडी अंडं देत नाही आणि भ्यालेली कमी देते. जी स्वतः रोज अंडं देते पण चौघींना देऊ देत नाही, तिला ‘कामाची’ म्हणणं म्हणजे खात्यात फक्त जमेची बाजू वाचणं. आमच्याकडे असा ताळेबंद कोणी आणला तर आम्ही कर्ज देत नाही. निदान देऊ नये.

मग करायचं काय? नुसतं भांडून कोंबडीची पाठ भरत नाही, हे मलाही कळतं. पांढरीच्या जखमेला जांभळं औषध लावलं, जेंशियन व्हायोलेट. ते जखमेलाही चांगलं आणि लाल रंग झाकायलाही. पंखांखाली उवा नाहीत ना ते बघितलं. दाण्याचं भांडं एक होतं, त्याची दोन केली आणि परड्याच्या दोन टोकांना ठेवली, म्हणजे पाटलीण दोन्हींवर एकदम पहारा करू शकत नाही. पाण्याचंही तसंच. नुसत्या कण्यांवर भागवणं बंद केलं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाण्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात, ती कमी पडली की ती पिसांत शोधते. मेथीची जुडी सुतळीने टांगली, जरा उडी मारावी लागेल अशी. कोपऱ्यात राख-मातीचा ढीग केला, लोळायला. पालापाचोळा झाडायचं थांबवलं, आणि त्यामुळे माझी सकाळची झाडलोट वाचली, हा निव्वळ नफा. अंडी घालायच्या खोक्यांपुढे गोणपाटाचे पडदे लावले. एक जुनं फळकूट भिंतीला तिरकं टेकवलं. त्याचा उपयोग एकच: पळणारीला आड व्हायला काहीतरी असावं. नव्या तलंगा आणल्या तर आठवडाभर जाळीपलीकडे ठेवायच्या आणि मग रात्री दांडीवर बसवायच्या, हेही ठरलं.

यातलं काहीही शंभर-दोनशे रुपयांपलीकडचं नाही. दीड महिन्यात पांढरीच्या पाठीवर काड्यांसारखी नवी पिसं फुटली. नंबर तिचा अजूनही सातवाच आहे. तो मी बदलायला गेलो नाही; सात असतील तर एक सातवी असणारच. पण सातवी असणं आणि सोललेली असणं यात फरक आहे, आणि माझं सगळं भांडण त्या फरकासाठी आहे.

यावर एक आक्षेप येतो तो मी मान्य करतो. “तुमचं परडं आहे हो, आमच्याकडे चार फूट बोळ आहे. जागा आणायची कुठून?” खरं आहे. खुराड्यात कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट तरी लागतात, आणि दिवसा मोकळं हिंडायला मिळालं तर उत्तम. तेवढं नसेल तर उत्तर एकच: सात पाळू नका, तीन पाळा. ऐपतीपेक्षा जास्त कर्ज उचलायचं आणि मग हप्त्यांसाठी बायकोचे दागिने मोडायचे, यातलाच तो प्रकार. जागा आपण आखतो, संख्या आपण ठरवतो, दाणा आपण टाकतो, दार आपण लावतो. आणि आत रक्त निघालं की म्हणतो, निसर्ग!

तेव्हा यापुढे कोणी आपल्याला हा निसर्गनियम समजावून सांगू लागलं, मग तो विषय कोंबड्यांचा असो, कचेरीचा असो, नाहीतर एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेचा असो, तर वाद घालत बसू नका. बोलणाऱ्याच्या मागे जाऊन फक्त त्याची पाठ बघा. मी आजवर बघितलेल्या एकूणएक पाठींवर पिसं दाट, चकचकीत आणि जागच्या जागी होती. पिसं गेलेली कोंबडी निसर्गनियमावर बोलत नाही. तिला आधी आड व्हायला एक फळकूट हवं असतं.